समजावून सांगावं लागलं तर चित्र फसलं का?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी गाळ्यावर जाताना ट्रेनमध्ये पुन्हा वाचला. ज्यांनी मूळ प्रश्न बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा मुलगा २८ वर्षांचा, ठाण्यात राहतो, आयटीत आहे, क्वांटम फिजिक्स, मेंदूविज्ञान आणि अद्वैत यावर बरंच वाचन आहे आणि दोन वर्षं अ‍ॅक्रिलिकमध्ये अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंग करतोय. चित्र कोणाला दाखवलं की समोरचा गप्प. मग हा वीस मिनिटं समजावतो की ही निळी लाट म्हणजे वेव्ह फंक्शन (क्वांटममधलं, कण कुठे सापडेल याच्या शक्यतांचं गणित), हा मधला पांढरा ठिपका म्हणजे साक्षी (अद्वैतातला नुसता बघणारा), आणि मग समोरचा म्हणतो अरे वा, भारी. त्याला विचारायचंय की असं चित्र पास की नापास, कन्सेप्ट आधी ठरवायची की काम करता करता सापडते, आणि आर्ट स्कूल न करता हे जमेल का.

तुला अरे-तुरे करतेय, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी ३२ वर्षं पेंट करतेय. भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा गाळा आहे, बाजूला प्लास्टिक मोल्डिंगवाले, वर पॅकेजिंगवाले, दिवसभर मशीनचा आवाज, तिथेच काम करते. विज्ञान आणि माणसाची जाणीव हाच माझाही विषय आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

आधी मला तुझा खरा प्रश्न काय वाटतो ते सांगते. तू विचारतोयस की चित्र समजावून सांगावं लागणं चूक आहे का. नाही, त्यात काही चूक नाही, चांगल्या चित्राबद्दलही तासभर बोलता येतं. पण तुझ्याकडे काय होतंय बघ. समोरचा माणूस आधी चित्र बघून गप्प होता आणि तुझं ऐकून खूश झाला. म्हणजे त्याला तुझं बोलणं आवडलं. तू बोलायला नसशील तेव्हा तिथे काय उरतं, हा खरा प्रश्न आहे, आणि तो तुलाही आतून टोचतोय म्हणूनच तू लिहिलंस असं मला वाटतं.

हे मी इतकं ठामपणे बोलतेय कारण मी स्वतः यातून गेलेय. सुरुवातीच्या वर्षांत मी अणूवर एक मोठी सिरीज केली होती, अकरा कॅनव्हास. मधे तेजस्वी लाल-केशरी गाभा, भोवती कक्षा, कक्षांवर ठिपके, मागे गडद निळं अवकाश. एका ग्रुप शोमध्ये लावली, कौतुकही झालं. शेवटच्या दिवशी एक निवृत्त फिजिक्सचे प्राध्यापक आले, प्रत्येक चित्रासमोर नीट थांबले आणि मग अगदी प्रेमाने म्हणाले, बाई, मेहनत खूप घेतलीय तुम्ही, पण हे इलेक्ट्रॉन गोल गोल फिरतायत ना, ते चित्र आमच्याकडे केव्हाच मागे पडलं. त्यांचं बरोबर होतं. नील्स बोर या शास्त्रज्ञाचं, इलेक्ट्रॉन कक्षेत फिरतात असं सांगणारं ते मॉडेल १९१३ चं आणि १९२६ पर्यंत श्रोडिंगरचं समीकरण आलं तेव्हा कक्षेत फिरणारा तो छोटा गोळा संपला होता, उरली ती शक्यता, इलेक्ट्रॉन कुठे सापडायचा संभव किती याचा हिशोब. म्हणजे मी ज्याला विज्ञानातून आलेली प्रेरणा म्हणत होते ते शाळेच्या पुस्तकातलं एक चित्र होतं, फक्त मोठं केलेलं आणि रंग जास्त घातलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. अकरापैकी नऊ कॅनव्हासवर मी नंतर पांढरा प्राइमर मारला आणि दुसरी चित्रं काढली.

वाचनाबद्दलही एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण तुझ्या वेव्ह फंक्शन आणि साक्षीच्या जोडीत ती आहे. क्वांटममध्ये ज्याला निरीक्षक म्हणतात तो माणूसच असायला हवा असं नाही, एखादं यंत्र, डिटेक्टर, मोजमाप घडवून आणणारी कुठलीही गोष्ट पुरते, बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ असंच मानतात. आणि अद्वैतातला साक्षी तर काही मोजतच नाही, तो कशात ढवळाढवळ करत नाही, तो फक्त असतो. मराठीत आपण दोघांनाही द्रष्टा म्हणून मोकळे होतो आणि शब्द एक झाला म्हणून गोष्ट एक झाली असं वाटायला लागतं. तू दोन्ही वाच, मनापासून वाच, पण दोघांची गाठ चित्रात घाईने मारू नकोस. जिथे ते दोघं जुळत नाहीत तिथेच खरं तर चित्रासाठी जागा जास्त आहे.

मग विज्ञान चित्रात येतं कसं? रशियन चित्रकार कांदिन्स्कीने १९१३ मध्ये लिहून ठेवलंय की अणूचं विभाजन होतं हे कळलं तेव्हा त्याला सगळं जगच कोसळल्यासारखं वाटलं, भक्कम असं काही उरलंच नाही. पण त्याने फुटलेल्या अणूचं चित्र काढलं नाही. वस्तू ठोस असते हा त्याचा भरवसा गेला आणि वस्तूवाचून चित्र उभं राहू शकतं हे म्हणण्याचं धाडस त्याला आलं. विज्ञानाने त्याच्या पायाखालची जमीन हलवली आणि त्या हललेल्या अवस्थेत तो रंगवत होता.

याला अपवाद आहेत, ते लपवत नाही. स्वीडनची चित्रकार हिल्मा आफ क्लिंट, तिने १९१७ मध्ये अणूवरच एक मालिका केली, आकृत्या काढल्यासारखी, बाजूला टिपणंही आहेत, आणि ती चित्रं आजही धरून ठेवतात. पण ती बाई १९०६ पासून त्या शोधात बुडालेली होती, तिला कोणाला पटवायचं नव्हतं, उलट माझ्या मृत्यूनंतर २० वर्षं हे काम दाखवू नका असं सांगून गेली. आकृती काढलीस म्हणून चित्र खोटं ठरत नाही. त्या आकृतीशी तुझा स्वतःचा संबंध आहे की ती उसनी आणलीय, त्यावर ते ठरतं. माझी उसनी होती.

आता मला ज्याने वाट सापडली ते सांगते, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्यापुरतं त्यात आहे.

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याचं आधी, डाव्याचं दोन महिन्यांनी. उजव्या डोळ्याची पट्टी निघाली, तिला घरी आणलं, दुपारचा चहा झाला, ती खाटेवर बसली होती आणि समोर हॉलची भिंत. साधा पांढरा रंग, दिवाळीच्या आधी मारलेला. तिने बघितलं आणि मला हाक मारली, म्हणाली, अगं भिंतीला नीळ कोणी घातली? मला कळेना. मग तिने उजवा डोळा तळहाताने झाकला, म्हणाली, आता पिवळी. डावा झाकला, आता निळी. उजवा, पिवळी. डावा, निळी. लहान मुलासारखं दहा-बारा वेळा केलं तिने, चहाचा कप दुसऱ्या हातात तसाच.

कारण साधं आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश कमी आत सोडतं. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवतात आणि अडवलेला निळा परत आत येतो. फ्रेंच चित्रकार मोनेचंही असंच झालं होतं, १९२३ मध्ये त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर रंगांवरून तो हैराण झाला होता. पण मला हलवून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. ऑपरेशनच्या आधी कितीतरी वर्षं आई त्या पिवळ्या काचेतून बघत होती आणि तरी तिला भिंत पांढरीच दिसत होती. मेंदू हळूहळू हिशोब जुळवत राहतो, जे आहे त्यालाच पांढरं धरतो, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मी तिला विचारलं, आई, मग खरी कुठली? ती म्हणाली, दोन्ही दिसतायत ना मला, खोटी कुठली म्हणू.

रंग भिंतीत नाही, प्रकाश डोळ्यात येतो आणि पांढरेपणा आत कुठेतरी घडतो, हे मी शंभर वेळा वाचलं होतं. चैतन्याचा अवघड प्रश्न म्हणून तत्त्वज्ञ ज्यावर भांडतात, की मेंदूत विद्युत सिग्नल चालतात हे ठीक पण त्यातून लाल रंगाचा लालपणा कसा जाणवतो, तेही वाचलं होतं. वाचलेलं सगळं डोक्यात होतं. त्या दुपारी ते माझ्या आईच्या तळहाताखाली घडत होतं आणि दोन महिन्यांनी दुसरा डोळा झाला की ते संपणार होतं. मी त्याच आठवड्यात काम सुरू केलं.

ते काम कसं केलं हे तपशिलात सांगते, कारण कन्सेप्ट आधी की नंतर याचं उत्तर मला नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. कल्पना एका ओळीत होती, दोन पांढरे. चित्र कसं असेल याची काही कल्पना नव्हती. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या तुकड्यांवर मी चाळीसेक ट्रायल केल्या. टायटॅनियम व्हाइट या पांढऱ्यात तांदळाच्या कणीएवढा अल्ट्रामरीन म्हणजे निळा, दुसऱ्यात तेवढाच रॉ सिएना म्हणजे मातकट पिवळा. एकेकटा तुकडा बघितला की पांढराच वाटायचा, शेजारी ठेवले की लगेच एक निळा आणि एक पिवळट. कणी जरा मोठी झाली की संपलं, मग ते निळं आणि पिवळं एवढंच दिसायचं, पांढरं कोणीच म्हणणार नाही. पहिले काही आठवडे मी फक्त ती कणी किती, एवढंच शोधत होते. मग तीन बाय तीन फुटांचा कॅनव्हास घेतला, ऑइल, पातळ थर, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही, चौदा थर झाले आणि आठ महिने गेले. दोन पांढरे जिथे भेटतात तिथे रेघ मारली तर ती भिंतीची कड दिसायची, पूर्ण मिसळले तर फरकच मरायचा, ती हातभर पट्टी मी सहा वेळा खरवडून काढली असेन.

आणि मधेच सामानाने मला एक गोष्ट शिकवली. जवसाच्या म्हणजे लिन्सीड तेलात कालवलेला पांढरा वर्षांनुवर्षांत पिवळा पडतो, करडईच्या तेलातला त्यामानाने कमी पडतो, म्हणून काही कंपन्या पांढरे रंग मुद्दाम करडईच्या तेलात बनवतात. (चित्रकलेच्या दुकानातलं तेल म्हणतेय, स्वयंपाकघरातलं नाही.) मी पिवळसर बाजू जवसाच्या तेलात ठेवली आणि निळसर बाजू करडईच्या. म्हणजे ते चित्र भिंतीवर लटकल्या लटकल्या एका डोळ्याने म्हातारं होत जाणार. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, सहाव्या-सातव्या थराला सुचलं. ठरवून बसले असते तर सुचलं नसतं असं मला वाटतं. पण दोन पांढरे ही ओळ नसती तर सुचण्यासारखं काही असतंच कुठे.

चित्राचं नाव नीळ. ते पूर्ण झाल्यावर मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. एक दिवस संध्याकाळी इस्टेटचे लाईट गेले, मशीनं बंद पडली, बाजूच्या मोल्डिंगचा एक ऑपरेटर हात पुसत माझ्या दारात हवा खायला उभा राहिला. चित्र समोरच होतं. बराच वेळ बघत होता आणि मग म्हणाला, ताई, ह्याची ही बाजू अजून चालू आहे का? निळसर बाजूकडे बोट होतं त्याचं. बरोबर दिसत होतं त्याला. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात, त्यांना निळं जास्त जाणवतं आणि लाल-पिवळं मंद वाटतं, चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १९व्या शतकात हे नोंदवलंय, आणि त्यात संध्याकाळचा आकाशातून येणारा उजेडही निळाच. त्या माणसाला मी ना आईबद्दल बोलले होते ना डोळ्याबद्दल. त्याच्या डोळ्याने ते केलं आणि त्याने ते बघितलं. तुझ्या वीस मिनिटांच्या बोलण्याच्या जागी मला हे हवं आहे.

म्हणून माझं तुला सांगणं असं की जाणिवेबद्दलचं चित्र काढायच्या मागे लागू नकोस, बघणाऱ्याच्या जाणिवेत काहीतरी घडेल असं चित्र कर. डोळा आणि मेंदू तुझ्या समोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाकडे आहे, तुझी प्रयोगशाळा तो घेऊन येतो. आणि इथे विज्ञान खरोखर हाताशी येतं. पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचं काम बघायचा, तक्रार अशी होती की काळ्या लोकरीचा रंग नीट बसत नाही, फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंग ठीक होता, शेजारच्या रंगामुळे काळा मरत होता. १८३९ मध्ये त्याने यावर सगळं सविस्तर छापलं आणि पुढे चित्रकारांच्या पिढ्यांनी ते वापरलं. दादरच्या साडीच्या दुकानातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, काठ बदलला की अंगाचा रंग बदलतो हे त्याला हातानेच माहीत असतं. आपले चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, कापडाच्या डिझाइनवर काम करायचे, आणि त्यांच्या चित्रात रिकाम्या जागेचं आणि रंगाचं जे नेमकं वजन दिसतं त्यात ती वर्षं कुठेतरी मुरलेली असणार असं मला नेहमी वाटतं.

अजून एक, नजर एका जागी रोखून धरली की बाजूच्या फिकट, मऊ कडांच्या गोष्टी हळूहळू नाहीशा होतात, ट्रॉक्सलर याने १८०४ मध्ये लिहिलेली गोष्ट आहे ही. मेंदूला बदल हवा असतो, जे बदलत नाही ते तो सोडून देतो. ध्यानाला बसणाऱ्याला यातलं काहीतरी ओळखीचं वाटेल. मऊ कडा, जवळजवळ सारख्या उजेडाचे रंग आणि मधे नजर थांबायला एक जागा, एवढ्यावर तुला वर्षभर काम करता येईल. तुझा तो पांढरा ठिपका साक्षी आहे असं सांगण्यापेक्षा तो अशा ठिकाणी ठेव की त्याच्याकडे बघताना बाकीचं विरायला लागेल.

ठिपक्यावरून चित्रकार सय्यद हैदर रझांची आठवण होणारच. त्यांचा बिंदू म्हणजे तत्त्वज्ञानाचं पुस्तक वाचून घेतलेलं चिन्ह असं पुष्कळांना वाटतं. पण ते स्वतः सांगायचे की मध्य प्रदेशातल्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मन थाऱ्यावर नसायचं म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि याच्याकडे बघत बस म्हणाले. ते पोर १९५० मध्ये पॅरिसला गेलं, तिथे वर्षानुवर्षं निसर्गदृश्यं रंगवली, आणि तो ठिपका कॅनव्हासचा मुख्य विषय व्हायला जवळपास पन्नाशी-साठी उजाडली. वाचन त्यात नंतर येऊन मिळालं. तुझ्याकडेही असा काहीतरी ठिपका असणार, भूल उतरताना ऐकू आलेला पहिला आवाज, ताप, लोकलच्या दारात उभं असताना क्षणभर मी कोण हे विसरणं, काहीही. तो माझ्या आईच्या भिंतीएवढा साधा असेल म्हणून तू कदाचित त्याला विषय समजत नसशील. मोठा शब्द नसला की आपल्याला वाटतं हे काय चित्र काढण्यासारखं. अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवायचे आणि माळ्यावरच्या छोट्या खोलीत मराठीत बोलायचे, परदेशातून आलेल्यांना कोणीतरी भाषांतर करून सांगायचं, आणि बोलणं सगळं मी आहे या एका जाणिवेभोवती. त्याहून छोटा शब्द कुठला?

कन्सेप्ट आधी की नंतर, हे माणसावर आणि माध्यमावरही अवलंबून आहे. अ‍ॅक्रिलिक लवकर वाळतं त्यामुळे डोक्यात असलेलं पटकन उतरवायला बरं, पण वाट बघायला लावत नाही, आणि वाट बघण्यात बरंच काही सापडतं. गिरगावात वाढलेले आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ ला डिप्लोमा केलेले, झेन या बौद्ध ध्यानपंथाकडे ओढले गेलेले, वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. रोलर, पॅलेट नाइफ, थर लावायचा, उचलायचा, परत लावायचा. आपल्या कामाला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हटलेलं त्यांना आवडत नसे, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, आणि मला त्यामागचं म्हणणं असं समजतं की अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे कशातून तरी गाळून काढलेलं, त्यांच्या चित्रामागे गाळायला तशी वस्तूच नव्हती. तू वेव्ह फंक्शनमधून गाळून काढतोयस. एकदा काहीच न गाळता नुसत्या दोन रंगांपासून सुरू करून बघ. पण उलटंही खरं आहे, नुसतं रंग ओतून वाट बघणारे पुष्कळ बघितलेत मी, वर्षं जातात आणि हाताला सवय सोडून काही लागत नाही. तुझ्याकडे वाचनाची शिस्त आहे, ती टाकू नकोस, ती फक्त ब्रशच्या मागे राहू दे, पुढे नको.

आर्ट स्कूलचं लवकर उरकते. नाही केलंस तरी जमेल, पण शाळेत जे करून घेतात ते कुठेतरी करावंच लागतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्यास का लहानपणी? त्यात निसर्गचित्र म्हणून पान-फूल बघून काढायला लावायचे ना, ते परत सुरू कर, रोज अर्धा तास, समोर असलेली वस्तू. अ‍ॅब्स्ट्रॅक्टला ड्रॉइंग कशाला असं वाटेल, पण बघायला शिकायचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही. शाळेतून मिळते ती दुसरी गोष्ट म्हणजे चांगला मास्तर, चित्रकार शंकर पळशीकरांच्या हाताखाली चित्रकार प्रभाकर कोलते शिकले आणि मग कोलत्यांनी जे.जे.त दोन दशकं शिकवलं, मुंबईत अ‍ॅब्स्ट्रॅक्ट करणारे कितीतरी जण त्या परंपरेतून आलेत. ते तुला घरबसल्या मिळणार नाही, म्हणून चित्रं प्रत्यक्ष बघ. मोबाइलवर गायतोंडे बघून काहीही कळत नाही, थर दिसतच नाहीत. काळा घोड्याला एनजीएमए म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर आर्ट गॅलरी जवळजवळच आहेत, एक रविवार दे, आणि एका चित्रासमोर वीस मिनिटं उभा राहा, शंभर चित्रांसमोर प्रत्येकी दहा सेकंद नको. कुलाब्याला टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी जमवलेला मोठा संग्रह आहे, हुसेनचं म्युरल म्हणजे मोठं भित्तिचित्र आहे, तिथे आत जायला परवानगी लागते पण ओळखीतून किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या निमित्ताने जायला मिळालं तर सोडू नकोस. फिजिक्स करणारी माणसं कॉरिडॉरमधून ये-जा करतायत आणि भिंतीवर त्या काळची आधुनिक चित्रं, असं दुसरीकडे मला बघायला मिळालं नाही. भाभा स्वतः चित्रं काढायचे.

प्रदर्शनाची घाई नको करू. जहांगीरला अर्ज करून तारीख यायला वर्षं लागतात, ती लागू देत, अर्ज करायचा असेल तर खुशाल करून ठेव, पण त्या तारखेसाठी चित्रं बनवायला लागलास की परत बोलण्यासाठी चित्र असं होईल.

एक व्यवहाराची गोष्ट, ठाण्यात राहतोस म्हणून. पावसाळ्यात कॅनव्हास बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, मागून बुरशी धरते, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलास तर अजून लवकर धरते. भिंतीपासून चार बोटं अंतर आणि पंखा चालू, एवढं पुरतं. आणि अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं हे तुला माहीतच असेल, त्यामुळे बारीक फरकाचे दोन रंग ओले असताना जुळवू नकोस, दोन्हीचे तुकडे वाळवून मग शेजारी ठेव, नाहीतर माझी ती कणी तुला कधीच सापडणार नाही.

आता लगेच काय करायचं ते. तुझ्याकडची सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेव. एकच बाहेर ठेव, ज्याबद्दल तुला सगळ्यात कमी बोलता येतं ते. घरी कोण कोण आहे तू लिहिलं नाहीस, पण जे कोणी असेल त्यांना काही सांगू नकोस, नाव नको, कन्सेप्ट नको, चित्र नुसतं त्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आठवडाभर लावून ठेव. संध्याकाळी उजेड जायला लागला की त्या खोलीतला दिवा अर्धा तास लावू देऊ नकोस आणि तूही तिथे बस. कोण थांबतं, किती वेळ, कुठल्या कोपऱ्याकडे बघतं, काही बोललं तर नेमके शब्द काय, हे वहीत लिही. आठ दिवसांनी ती टिपणं इथे टाक, चित्राचा फोटो नाही टाकलास तरी चालेल.